चाळिशीचा ताळेबंद : शरीर आणि उपजीविका

मराठीत 'चाळिशी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक वयाचा, दुसरा चष्म्याचा. वाचण्यासाठी वर्तमानपत्र हात लांब करून धरावे लागू लागले की माणसाला चाळिशी लागली, असे आपण म्हणतो. डोळ्यातील भिंग तरुणपणी लवचीक असते. जवळचे पाहताना ते फुगते, दूरचे पाहताना सपाट होते. वयपरत्वे ते ताठर होत जाते आणि चाळिशी ओलांडताना जवळची अक्षरे अस्पष्ट दिसू लागतात. या बदलाचा एक गुण असा की, तो स्वतःची वर्दी स्वतःच देतो. माणूस चष्म्याच्या दुकानात जातो आणि प्रश्न मिटतो.

परंतु याच सुमारास शरीरात आणखी काही बदल घडत असतात, की जे अशी कोणतीही वर्दी देत नाहीत. आणि योगायोग असा की, याच वयात उपजीविकेचा प्रश्नही नव्याने उभा राहतो. आहे ती नोकरी धरून ठेवावी की बदलावी, बढती स्वीकारावी की नाकारावी, स्वतःचा उद्योग काढावा की नाही, गावाकडे परतावे की शहरातच राहावे? या दोन गोष्टींचा विचार आपण सामान्यतः दोन निरनिराळ्या खात्यांत करतो. प्रकृतीचा विचार डॉक्टरकडे, नोकरीचा विचार घरी किंवा कचेरीत. वास्तविक ही दोन्ही खाती एकाच वहीत मांडली पाहिजेत. ती का व कशी मांडावीत, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

शरीरातील अबोल बदल

मिनिटाला ७० ठोके धरले, तर हृदय दिवसाकाठी एक लाखाहून अधिक वेळा आकुंचन पावते. प्रत्येक ठोक्याबरोबर रोहिण्यांच्या भिंतींवर रक्ताचा आघात होतो. त्या भिंतींतील लवचीक तंतू या आघाताने वर्षानुवर्षे झिजत जातात, भिंती ताठ होतात आणि रक्तदाब हळूहळू वाढू लागतो. बहुतेकांना त्याची काहीच जाणीव होत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही. वरचा दाब १४० किंवा खालचा ९० या मर्यादेपलीकडे सातत्याने राहू लागला, म्हणजे त्यास उच्च रक्तदाब म्हणतात. पण ही गोष्ट यंत्राने मोजल्याविना कळत नाही.

रक्तातील साखरेचेही तसेच आहे. जेवणानंतर रक्तात येणारी साखर मुख्यतः स्नायू उचलून घेतात. चाळिशीनंतर स्नायूंचे प्रमाण सावकाश घटू लागते. बैठ्या माणसात ते अधिक घटते. उचलणारे हात कमी झाले म्हणजे माल बाजारात पडून राहावा, तशी साखर रक्तात रेंगाळते. उपाशीपोटी ही साखर दर १०० मिलिलिटर रक्तास १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असली, तर तो मधुमेह होय. त्याच्या अलीकडे काही वर्षांची एक उंबरठ्यावरील अवस्था असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून, आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक या उंबरठ्यावर आहेत.

'मी तर सडपातळ आहे' असे म्हणून निश्चिंत राहणेही बरोबर नाही. या संदर्भात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापलेले एक छायाचित्र जगभर प्रसिद्ध आहे. त्यात ते स्वतः व इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजन पाहण्याचा जो निर्देशांक आहे, तो दोघांचाही २२.३ म्हणजे निर्दोष. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले, तेव्हा युडकिन यांच्यात ते ९.१ टक्के, तर याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के निघाले. भारतीय शरीर बाहेरून बारीक दिसले तरी त्यात चरबी अधिक असू शकते, आणि ती पोटाभोवती साठते. म्हणून आपल्याकडे वजनकाट्याइतकीच शिंप्याची फीतही उपयोगी आहे. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे ही सावधगिरीची खूण मानावी.

याचा परिणाम वयाच्या हिशेबात दिसतो. ५२ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाच्या आधारे २००७ मध्ये असे दाखविण्यात आले की, पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचे सरासरी वय दक्षिण आशियात ५३ वर्षे होते, तर इतरत्र ते सुमारे ५९ होते. म्हणजे आपल्या पदरी सहा वर्षे कमी पडली. ही सहा वर्षे नेमकी ज्या काळात मुलांचे उच्च शिक्षण चालू असते आणि घराचे कर्ज फिटावयाचे असते, त्या काळातील आहेत. बंगळूरच्या श्री जयदेव हृदयरोग संस्थेस तर २०१७ पासून चाळिशीच्या आतील हृदयरुग्णांसाठी स्वतंत्र नोंदणी व अभ्यास सुरू करावा लागला.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. भारतात रजोनिवृत्तीचे सरासरी वय ४६-४७ च्या सुमारास आहे. त्यानंतर स्त्रीसंप्रेरकाचे संरक्षण कमी होऊन हाडे विरळ होऊ लागतात व हृदयरोगाचा धोका वाढतो. या काळात झोप मोडणे, अंगातून वाफा निघणे, मन अस्वस्थ होणे हे त्रासही होतात. पुष्कळ स्त्रिया त्यांस कामातील अपयश समजतात आणि नोकरी सोडण्याचा विचार करू लागतात. कारण शरीरात आहे की कामात, हे आधी तपासून घ्यावे आणि मग निर्णय करावा, हेच योग्य.

कामाचा शरीरावर उमटणारा ठसा

व्यवसायाचा हृदयाशी संबंध काय, हा प्रश्न पहिल्याने पद्धतशीरपणे तपासला तो लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी. त्यांनी दुमजली बसगाड्यांचे चालक व वाहक यांची तुलना केली. दोघांची गाडी एक, शहर एक, घराची परिस्थितीही जवळजवळ सारखी. फरक इतकाच की, चालक दिवसभर बसून असे आणि वाहक तिकिटे देत जिने चढत-उतरत असे. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चालकांमध्ये हृदयरोगाचे प्रमाण अधिक आढळले. मॉरिस येथेच थांबले नाहीत. १९५६ मध्ये त्यांनी दोघांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींची कंबर मुळातच मोठी असल्याचे दिसले. म्हणजे फरकाचा काही भाग नोकरीपूर्वीचाही असावा. खरा शास्त्रज्ञ आपल्याच निष्कर्षाची अशी उलटतपासणी करतो. पुढील अनेक अभ्यासांनी मात्र मूळ निष्कर्षास दुजोरा दिला : बैठे काम हृदयास अपायकारक आहे.

बसण्याइतकेच महत्त्व कामाच्या तासांना आहे. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्रितपणे केलेल्या परीक्षणात असे आढळले की, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेने, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी व हृद्रोहिणींच्या विकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो.

तिसरी गोष्ट झोपेची. शरीरात एक घड्याळ असते. त्याच्या रेणवीय रचनेचा उलगडा केल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग या तिघांस २०१७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. या घड्याळानुसार रात्री साखर हाताळण्याची शरीराची शक्ती मंदावते. म्हणून तेच जेवण रात्री उशिरा घेतले असता रक्तातील साखर दिवसापेक्षा अधिक चढते. अमेरिकेच्या दिवसाशी आपली रात्र जुळवून काम करणाऱ्यांस ही किंमत रोज मोजावी लागते.

बंगळूर : बदललेली वाट

हे सारे प्रश्न ज्या नगरीत एकवटलेले दिसतात, ती म्हणजे बंगळूर. स्वातंत्र्याच्या आगेमागे येथे मोठे सरकारी कारखाने उभे राहिले : १९४० मध्ये विमानांचा, १९४८ मध्ये दूरध्वनीचा, १९५३ मध्ये यांत्रिक हत्यारांचा, १९५४ मध्ये इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा. विसाव्या वर्षी कारखान्यात शिरावे, कारखान्याच्याच वसाहतीत संसार करावा आणि निवृत्तीच्या दिवशी हार घालून बाहेर पडावे, अशी ती वाट होती. चाळिसाव्या वर्षी 'आता काय करू?' असा प्रश्न त्या वाटेवर सहसा उद्भवत नसे. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या इन्फोसिसने १९८३ मध्ये आपले ठाणे बंगळूरला हलविले; १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स येथे आली. एका पिढीत शहराची वृत्ती पालटली. एच. एम. टी.च्या घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. घरोघरी वेळ दाखविणारी ती घड्याळे थांबली आणि जन्मभराच्या एका नोकरीची कल्पनाही मागे पडली.

'करिअर' हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला आहे. त्याचे मूळ लॅटिनमध्ये असून त्याचा आरंभीचा अर्थ गाडीवाट. पुढे त्याला घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाचा अर्थ आला. मराठीत मात्र 'उपजीविका' आणि 'चरितार्थ' हे शब्द आहेत. त्यांत शर्यत नाही, जगणे आहे. चाळिशीच्या उंबरठ्यावर या दोन्ही अर्थांचा विचार करण्याजोगा आहे.

महाराष्ट्र व बंगळूर या दोहोंस आपली वाटणारी एक व्यक्ती या संदर्भात आठवते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि १८८४ पासून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिकपासून सुरुवात करून नोकरी केली. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे ही त्यांचीच योजना. १९०८ मध्ये, सत्तेचाळिशीच्या आसपास, त्यांनी ही स्थिर सरकारी नोकरी स्वेच्छेने सोडली. त्या काळी मुख्य अभियंत्याचे पद हिंदी माणसास दुर्लभ होते. पुढे ते युरोपच्या प्रवासात असता हैदराबादेहून मुसी नदीच्या महापुरानंतरच्या कामासाठी बोलावणे आले. म्हैसूर संस्थानाची विचारणा झाली, तेव्हा त्यांनी लगेच होकार दिला नाही; उद्योग व तांत्रिक शिक्षण यांच्या भरीव कामास तेथे वाव आहे काय, हे आधी विचारून घेतले. १९०९ मध्ये ते मुख्य अभियंता झाले, १९१२ ते १९१८ दिवाण होते. १९६२ मध्ये, शंभरी ओलांडल्यावर, बंगळुरास त्यांचे निधन झाले.

एका माणसाच्या दीर्घायुष्यावरून नियम काढता येत नाही. तसे करणे अशास्त्रीय होईल. ज्यांनी नोकरी सोडली आणि ज्यांचे हाल झाले, त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. पण विश्वेश्वरय्यांच्या वर्तनातील एक पद्धत घेण्याजोगी आहे. त्यांनी नवे काम पदाच्या नावावरून स्वीकारले नाही. अटी तपासून स्वीकारले.

बुद्धीचे काय?

'या वयात आता नवे काय जमणार?' ही शंका पुष्कळांना ग्रासते. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे १९५६ मध्ये शाय या मानसशास्त्रज्ञाने प्रौढांच्या बुद्धीचा एक अभ्यास सुरू केला व तीच माणसे दर सात वर्षांनी पुन्हा तपासली. त्यातून असे दिसले की, आकलनाचा वेग तरुणपणानंतर मंदावत जातो हे खरे; परंतु शब्दज्ञान व तर्कशक्ती यांसारख्या क्षमता मध्यम वयातच शिखरावर असतात. नव्या उद्योगांच्या बाबतीत अमेरिकेत झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्वांत वेगाने वाढलेल्या कंपन्यांच्या संस्थापकांचे स्थापनेच्या वेळचे सरासरी वय ४५ निघाले. तेव्हा वय हा अडसर नव्हे.

मात्र ही बुद्धी टिकवावी लागते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्र ४५ वर्षांवरील नागरिकांचा दीर्घकालीन अभ्यास करीत आहे. शहरातील लोकांबरोबर कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूरच्या ग्रामीण लोकांचाही त्यात समावेश आहे. असे अभ्यास पंचेचाळिशीपासून का सुरू करतात? कारण स्मृतिभ्रंश सत्तरीत दिसला तरी त्याची बीजे मध्यम वयात रुजतात. 'लॅन्सेट'ने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशास हातभार लावणारी १४ टाळता येण्याजोगी कारणे सांगितली. उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले घातक कोलेस्टेरॉल व बहिरेपणा ही त्यांतील मध्यम वयातील कारणे होत.

हिशेब मांडण्याची रीत

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, सोलापूरचे एक गृहस्थ बंगळूरच्या व्हाइटफील्ड भागात नोकरीस आहेत. वय ४३. उपाशीपोटी साखर ११२, म्हणजे उंबरठ्यावर. त्यांस बढती देऊ केली आहे. पगार चांगला वाढेल, पण आठवड्यातून चार रात्री परदेशातील सहकाऱ्यांशी बोलावे लागेल.

आठवड्याचे तास १६८. सध्या त्यांचे काम ४५ तास, प्रवास १२ व झोप ४९ तास आहे. जेवण, स्नान, घरची कामे यांस रोज ६ प्रमाणे ४२ तास जातात. म्हणजे २० तास हाती राहतात. त्यांत फिरणे, मुलांचा अभ्यास, आईवडिलांची विचारपूस, आप्तमित्र. बढतीनंतर काम ५८ तास होईल. बाकीचे तसेच ठेवले तर हाती ७ तास उरतील. हे गेलेले १३ तास कोठून भरून काढावयाचे? बहुतेक लोक ते झोपेतून व फिरण्यातून काढतात, आणि याच दोन गोष्टींवर त्यांची ११२ ही साखर खाली जाणार की १२६ कडे जाणार हे बरेचसे अवलंबून असते. पगाराच्या पत्रकात या १३ तासांचा उल्लेख कोठेही नसतो. तो आपण स्वतः मांडावयाचा असतो.

याचा अर्थ बढती नाकारावी असा नव्हे. रात्रीच्या चार बैठकी दोनवर आणता येतील काय, दोन दिवस घरून काम करता येईल काय, हे होकारापूर्वी विचारावे. मागण्यासारखी संधी रुजू होण्याआधीच असते; नंतर ती राहत नाही.

याउलट नोकरी सोडून स्वतःचा उद्योग किंवा अध्यापन यांकडे वळावयाचे असेल, तर हिशेबाची कलमे निराळी आहेत. पहिले, आरोग्यविमा. मालकाने काढलेला सामूहिक विमा सामान्यतः नोकरीबरोबर संपतो. नवा विमा घेताना आधीपासून असलेल्या आजारांस प्रतीक्षाकाल लागतो. २०२४ च्या नियमांनी तो जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला आहे. यास्तव स्वतःचा विमा राजीनाम्याच्या बऱ्याच आधी, प्रकृती ठीक असताना काढावा आणि आजार लपवू नये. दुसरे, निवृत्तिवेतन. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत हक्क येण्यास किमान १० वर्षांची सेवा लागते. म्हणून नोकरी बदलताना खाते मोडण्यापेक्षा पुढे चालविणे हिताचे. तिसरे, निदान वर्षभराचा आवश्यक खर्च व कर्जाचे हप्ते हाताशी असावेत. चौथे, परतीचा रस्ता. जो निर्णय सहा महिन्यांनी फिरविता येतो, तो लवकर घ्यावा; जो फिरविता येत नाही, तो सावकाश घ्यावा.

आणि या सर्वांआधी मोजमाप. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल, कमरेचा घेर, झोपेचे तास. वय ३० च्या पुढील नागरिकांची रक्तदाब, मधुमेह तसेच तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तपासणी करण्याची सरकारी योजना आहे. शासकीय आरोग्य केंद्रात तिची चौकशी करावी. मन सतत खिन्न राहत असेल, झोप उडाली असेल, तर थकलेल्या मनाने राजीनामा लिहू नये. आधी सल्ला घ्यावा. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या मार्गदर्शनाने चालणारी 'टेलि-मानस' ही केंद्र सरकारची सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

उंबरठ्यावरून मागे फिरता येते, हे भारतीयांच्या बाबतीतही सिद्ध झाले आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच उंबरठ्यावरील लोकांस आहार व चालण्याचा नियम घालून दिला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका त्यामुळे २८.५ टक्क्यांनी घटला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यास किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. रोजच्या हिशेबाने ती जेमतेम बावीस मिनिटे होतात.

'शिर सलामत तो पगडी पचास' असे आपले पूर्वज म्हणत. पण ही म्हण आळसाचे समर्थन म्हणून वापरू नये. पगडीही संसारास लागतेच. म्हणून जो कोणी या वयात मोठा निर्णय करू पाहतो, त्याने एक कोरा कागद घ्यावा. डावीकडे उत्पन्न, खर्च, कर्ज, विमा लिहावा; उजवीकडे रक्तदाब, साखर, झोप, बसण्याचे व चालण्याचे तास लिहावेत. नव्या कामाने दोन्ही बाजूंचे आकडे काय होतील, ते पुढे मांडावे. मग तो कागद घरातील माणसांस दाखवावा. निर्णय कोणताही होवो, तो डोळसपणे घेतलेला असेल. आणि सहा महिन्यांनी तेच आकडे पुन्हा मोजले, म्हणजे तो बरोबर होता की नाही, हेही कळेल.